सरहद्दीवरील संत : नोरिकमचे संत सेवेरीन

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी स्मरणिकेत एखादे संतचरित्र असावे, अशी पुष्कळांची इच्छा होती. त्या इच्छेस मान देऊन आम्ही ज्या संताची निवड केली आहे, त्यांचे नाव ऑस्ट्रिया व बव्हेरिया या प्रांतांत लहानथोरांस ठाऊक असले, तरी आपल्याकडे ते क्वचितच कानी पडते. संत सेवेरीन हे ते नाव होय. ते बिशप नव्हते, कोणत्याही राजाचे अधिकारी नव्हते, आणि त्यांच्या हाती शस्त्रही नव्हते. तथापि एका मोडत्या प्रांतातील हजारो जीव त्यांनी सुमारे तीस वर्षे सांभाळले. त्यांच्या चरित्रात दाणागोटा, कपडालत्ता, दिव्याचे तेल, टोळधाड, तांबेरा व गावची रात्रीची राखण यांच्याच हकिकती अधिक आहेत. म्हणूनच शेतीवर पोट भरणाऱ्या आपल्या लोकांस हा संत परका वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम त्या काळाकडे व त्या देशाकडे वळू. रोमन साम्राज्याचे नाव आपणांस प्रभु येशूच्या दुःखसहनाच्या कथेतून लहानपणापासून माहीत आहे. पण आपल्या मुलुखाचाही त्या साम्राज्याशी संबंध आला होता. धावड्याच्या तालुक्याचे ठिकाण जे भोकरदन, त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सन १९७३ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती हाती आली. तिच्याशी मिळतीजुळती अशीच एक भारतीय मूर्ती सन १९३८ साली इटलीतील पाँपेई शहराच्या राखेखालून निघाली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडले गेले. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनेतील कारागिरांच्या हातचे काम रोमन श्रीमंतांच्या घरी पोहोचत होते, हे उघड आहे. आपल्या पूर्वजांस त्या साम्राज्याचे वैभव व्यापाराच्या वाटेने कळले. आम्ही मात्र वाचकांस त्याच्या पार दुसऱ्या टोकास, जेथे त्याची हद्द संपत असे, तेथे नेणार आहो.

आल्प्स पर्वताच्या उत्तरेस डॅन्यूब नावाची मोठी नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिच्या दक्षिण तीरास नोरिकम नावाचा प्रांत होता. आजचा ऑस्ट्रिया देश बहुतांशी त्याच भूमीवर वसला आहे. ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे पंधरा वर्षे हा प्रदेश रोमच्या ताब्यात आला. तेथील लोखंड व पोलाद प्रसिद्ध होते. रोमन लोकांनी तेथे दगडी सडका बांधल्या, मैलामैलावर दगड रोवले, आणि नदीच्या काठाने किल्ले व टेहळणीचे बुरूज उभारले. नदी हीच साम्राज्याची हद्द होती. अलीकडे कायदा, बाजार व लॅटिन भाषा. पलीकडे नाना टोळ्यांची राज्ये.

या सरहद्दीवरचा नित्याचा व्यवहार शिबंदीच्या पगारावर चाले. शिपायास सरकारी खजिन्यातून नाणे मिळे. तो ते बाजारात खर्च करी. त्यावर शेतकऱ्याचा दाणा, चांभाराचा जोडा व लोहाराचा विळा विकला जाई. चाकरी पुरी झालेले शिपाई त्याच भागात घरे करून राहत. जैतुनाचे तेल दक्षिणेकडून व्यापारी आणीत, आणि नद्यांतून तराफ्यांवर माल येई. ख्रिस्ती धर्मही याच सडकांनी आला. सन ३०४ मध्ये लॉरियाकम या गावाजवळ संत फ्लोरियन यांस धर्मासाठी नदीत बुडवून मारण्यात आले, आणि पुढे त्याच प्रांतात गावोगावी देवळे उभी राहिली. येणेप्रमाणे जवळजवळ पाचशे वर्षे लोकांनी शेते पेरली, मुलांचे बाप्तिस्मे केले, म्हातारपणी दिवे लावून प्रार्थना केल्या; आणि रोमचे राज्य कधी नाहीसे होईल, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

परंतु ते नाहीसे होऊ लागले. सन ४५३ मध्ये हूणांचा राजा अट्टिला मरण पावला, आणि त्याच्या धाकाखाली असलेल्या टोळ्या मोकळ्या सुटल्या. डॅन्यूबच्या दोन्ही तीरांवर गोंधळ माजला. अशा वेळी पूर्वेकडून एक संन्यस्त पुरुष नोरिकममध्ये आला. हेच संत सेवेरीन. ते कोठले, कोणत्या कुळातले, हे त्यांनी कोणासही कळू दिले नाही. त्यांची लॅटिन भाषा शुद्ध होती, आणि पूर्वेच्या अरण्यातील तपस्व्यांमध्ये ते काही काळ राहून आले होते, एवढेच लोकांच्या लक्षात आले. पुढे प्रिमेनियस नावाच्या एका धर्मगुरूने धीर करून त्यांस त्यांच्या देशाविषयी विचारले. तेव्हा, आपण पळून आलेले गुलाम आहोत असे वाटत असेल, तर सोडवणुकीचे पैसे तयार ठेवावे, असे त्यांनी विनोदाने सांगितले, आणि मग गंभीर होऊन आपला खरा देश स्वर्ग होय असे सुचविले. त्यांचे चरित्र त्यांच्याच मठातील युजिप्पियस नावाच्या शिष्याने सन ५११ मध्ये लिहिले. पुढील हकिकती त्याच चरित्रातून जगास कळल्या आहेत.

आरंभी त्यांचे कोणी ऐकले नाही. आस्तुरिस नावाच्या लहानशा गावी त्यांनी लोकांस उपास, प्रार्थना व दानधर्म करून संकट टाळण्याचा उपदेश केला. लोकांनी हसून सोडून दिले. थोड्याच दिवसांत शत्रूंनी ते गाव उद्ध्वस्त केले. त्यानंतर मात्र आजूबाजूच्या गावांस या अनोळखी तपस्व्याच्या शब्दाचे मोल कळू लागले.

फावियानिस या गावी भयंकर दुष्काळ पडला होता. तेथे प्रोकुला नावाची एक श्रीमंत विधवा राहत असे. तिने पुष्कळ धान्य लपवून ठेवले होते. संत सेवेरीन यांनी तिला भर लोकांसमोर दोष दिला. गरीब उपाशी मरत असता ती लोभाची दासी कशी झाली, असे त्यांनी तिला विचारले. गरिबांवर दया करावयाची नसेल, तर तो दाणा डॅन्यूबमध्ये टाकून माशांस तरी घालावा, इतक्या कठोर शब्दांत त्यांनी तिची कानउघाडणी केली. ती बाई भयाने व लाजेने नरमली आणि तिने आपला दाणा गरिबांस वाटून दिला. पुढे थोड्याच दिवसांत नदीकाठास मालाने भरलेले तराफे येऊन लागले. ते वरच्या अंगास इन नदीच्या बर्फात अडकून पडले होते, आणि बर्फ अवेळी वितळल्यामुळे सुटले. लोकांनी हा देवाचा प्रसाद मानला. आम्हांस येथे एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. तराफे मागाहून आले. पेवाचे तोंड त्याआधी उघडले होते. संताने लोकांस चमत्काराची वाट पाहत बसविले नाही. गावात जे होते ते आधी वाटावयास लाविले.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींस सन १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडून मिळालेली मजुरी, सुकडीची वाटी आणि परदेशातून आलेली तांबडी ज्वारी यांवर मराठवाड्याने ते वर्ष काढले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांस प्रोकुलाच्या पेवाची कथा समजावून सांगण्याची गरज नाही.

फावियानिसजवळ संत सेवेरीन यांनी मठ स्थापिला. त्यांचे स्वतःचे राहणे फार कडक होते. भर हिवाळ्यात डॅन्यूब गोठून तिच्यावरून गाड्या जात, तेव्हाही ते अनवाणी चालत. एकच जाडेभरडे वस्त्र व निजावयास जमिनीवर अंथरलेले तरट, एवढाच त्यांचा संसार होता. सणाचे दिवस सोडून सूर्यास्तापूर्वी ते अन्न घेत नसत. एका गावी बिशप होण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. त्यांचा जीव एकांतात रमे. पण गावावर संकट आले की ते एकांत सोडून बाहेर येत.

त्यांची मोठी योजना दशमांशाची होती. प्रत्येक गावाने पिकाचा दहावा हिस्सा गरिबांसाठी व कैदेतून सुटलेल्यांसाठी बाजूस काढावा, असे त्यांनी ठरविले. ज्या घरांत स्वतःपुरतेच नव्हते, त्यांनीही हा हिस्सा दिला. दक्षिणेकडील डोंगरी भागातून कपडे गोळा होऊन येत. एकदा माक्सिमस नावाचा मनुष्य आपल्या सोबत्यांसह ऐन हिवाळ्यात पाठीवर कपड्यांचे गाठोडे घेऊन आल्प्स ओलांडीत होता. घाटमाथ्यावर रात्रभर बर्फ पडले व वाट बुजली. तेव्हा एक अस्वल पुढे होऊन त्यांस वाट दाखवीत सपाट प्रदेशापर्यंत घेऊन आले, असे युजिप्पियसने लिहिले आहे. याच्या उलट तिबुर्निया गावच्या लोकांनी कपडे गोळा केले, पण ते पाठविण्यास उशीर केला. इतक्यात गॉथ लोकांचा वेढा पडला, आणि तह करताना जे नजराणे द्यावे लागले त्यांत गरिबांसाठी ठेवलेले तेच कपडे शत्रूस द्यावे लागले.

लॉरियाकमच्या लोकांनीही दशमांश देण्यात चालढकल केली. त्या वर्षी उभ्या पिकावर तांबेरा पडला. लोक पश्चात्ताप पावून संताकडे आले. त्यांनी शिक्षेची भाषा न करता उपास व प्रार्थना सांगितली. पुढे हलका पाऊस पडला आणि पीक हाती लागले. याच गावी एकदा त्यांनी गरिबांस देवळात जमवून आपल्या हाताने तेल वाटले. तेथे तेल अतिशय महाग होते, कारण व्यापारी ते मोठ्या कष्टाने आणीत. एका घरात दिव्यास तेल असणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी कुकुल्लिस गावची हकिकत आहे. तेथे टोळधाड आली. संत सेवेरीन यांनी साऱ्या गावास देवळात जमून प्रार्थना करण्यास सांगितले, आणि त्या वेळात कोणीही शेतात जाऊ नये असे बजावले. सारे जमले, एक गरीब शेतकरी मात्र आपल्या लहानशा तुकड्याच्या काळजीने निघून गेला व दिवसभर एकटाच टोळ हाकीत राहिला. त्या रात्री टोळ निघून गेले. सकाळी पाहतात तो इतरांची शेते शाबूत, आणि त्या एकट्याचाच तुकडा खाऊन फस्त झालेला. तो रडत गावात आला. पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. संताने त्याची निर्भर्त्सना करून त्यास घालवून दिले नाही. आज्ञा मोडण्याचे फळ सर्वांस समजावून सांगितल्यावर, त्या वर्षी या गरिबास पोटापुरते अन्न गावाने वर्गणीने द्यावे, असे त्यांनी ठरवून दिले. ज्याने गावाची सोबत सोडली, त्यासही गावाने सोडू नये, हा त्यांचा न्याय होता.

इकडे साम्राज्याची अखेर जवळ येत होती. पूर्वी नदीकाठच्या ठाण्यांतील शिपायांस सरकारी खजिन्यातून तनखा मिळत असे. तो बंद पडला, तसतशा शिबंदीच्या तुकड्या मोडत गेल्या. बताविस, म्हणजे आजचे पासाऊ, येथील तुकडी शेवटपर्यंत टिकून होती. तिच्यातील काही शिपाई आपल्या सोबत्यांचा राहिलेला तनखा आणण्यास इटलीकडे निघाले, आणि वाटेतच मारले गेले. कोणास त्याचा पत्ताही नव्हता. संत सेवेरीन आपल्या खोलीत वाचीत बसले होते. त्यांनी एकाएकी पुस्तक मिटले, त्यांच्या डोळ्यांस अश्रू आले, आणि नदीवर जाऊन पाहा, असे त्यांनी जवळच्यांस सांगितले. थोड्याच वेळात प्रवाहाने शिपायांची प्रेते काठास लागल्याची खबर आली. एका महान साम्राज्याचा त्या सरहद्दीवरचा शेवट हा असा झाला. कोणतीही मोठी लढाई झाली नाही. पगार आणावयास गेलेली माणसे परत आली नाहीत, इतकेच.

सरकार उरले नाही, तेव्हा लोकांच्या वतीने टोळ्यांच्या राजांशी बोलण्याचे काम संतावर पडले. अलामान्नी लोकांचा राजा गिबुल्ड बताविसच्या वेशीपर्यंत आला असता ते एकटे गावाबाहेर जाऊन त्यास भेटले. त्यांच्या बोलण्याने तो राजा थरथर कापू लागला, असे सांगतात. त्यांनी त्याच्याजवळ धरून नेलेले लोक मागितले, आणि पहिल्याच खेपेस सुमारे सत्तर माणसे परत मिळाली.

डॅन्यूबच्या पलीकडे रुगी लोकांचे राज्य होते. त्यांचा राजा फेवा संतास मानीत असे. पण राणी गीसो कठोर होती. तिने काही रोमन लोकांस वेठीस धरून नदीपलीकडे नेण्याचा हुकूम केला. संताने त्यांस सोडण्याची विनंती केली, तेव्हा तिने त्यांस आपल्या कोठडीत बसून जप करण्यास सांगितले व आमच्या गुलामांत पडू नये असे उर्मट उत्तर पाठविले. राजवाड्यात दागिने घडविण्यासाठी काही सोनार सक्त पहाऱ्यात कोंडलेले होते. त्याच दिवशी राजपुत्र फ्रेडरिक, लहान मूल ते, खेळत त्यांच्याकडे गेला. जिवास कंटाळलेल्या त्या कारागिरांनी मुलाच्या छातीवर तलवार ठेवली आणि अभय मिळाल्याशिवाय सोडणार नाही असे सांगितले. तेव्हा राणीस आपला अन्याय उमगला. तिने संताकडे स्वार धाडून क्षमा मागितली, धरलेले रोमन लोक सोडले आणि सोनारांसही मोकळे केले. दुसऱ्याचे मूल वेठीस नेताना जे कळले नाही, ते स्वतःचे मूल संकटात पडल्यावर आईस कळले.

याच कुटीत एकदा इटलीकडे चाललेले काही परप्रांतीय लोक आशीर्वादासाठी आले. त्यांत मळक्या कातड्याचे कपडे घातलेला एक उंच तरुण होता; छपरास डोके लागू नये म्हणून तो वाकून उभा राहिला. तो पुढे इटलीत नावलौकिकास चढेल आणि अनेकांस देणग्या देईल, असे संताने त्यास सांगितले. तो तरुण म्हणजे ओडोआकर. सन ४७६ मध्ये त्यानेच पश्चिमेचा शेवटचा रोमन बादशहा रोम्युलस यास पदच्युत केले व स्वतः इटलीचा राजा झाला. जुनी भेट स्मरून त्याने पत्र पाठविले आणि वाटेल ते मागण्यास सांगितले. संताने हद्दपार झालेल्या एका मनुष्यास परत घ्यावे, एवढेच मागितले. स्वतःसाठी वा मठासाठी काही मागितले नाही.

तरीही प्रांत वाचला नाही. वरच्या अंगाची गावे एकामागून एक ओस पडू लागली. लोक क्विंतानिसहून बताविसला, बताविसहून लॉरियाकमला, आणि तेथून फावियानिसच्या आसपास, असे मागे मागे सरकत आले. प्रत्येक मुक्कामी संत त्यांच्याबरोबर असत. हा देश सोडावा लागणार, हे त्यांस कळून चुकले होते. म्हणून गावांचा व्यापार वाढविण्याच्या खटपटीस त्यांनी उत्तेजन दिले नाही. पण जोवर लोक तेथे आहेत, तोवर त्यांचा दाणा, वस्त्र व पहारा यांत एक दिवसही खंड पडू दिला नाही.

सन ४८२ च्या जानेवारीत त्यांच्या बरगडीत दुखू लागले. त्यांनी राजा-राणीस बोलावून गरिबांवरील जुलूम थांबविण्यास सांगितले, शिष्यांस निरोप दिला, आणि लोक हा देश सोडून जातील तेव्हा आपली हाडे, योसेफाच्या हाडांप्रमाणे, बरोबर न्यावी अशी आज्ञा केली. ८ जानेवारी रोजी स्तोत्र गात त्यांनी प्राण सोडला. पुढे ओडोआकरने रुगी राज्य मोडले, आणि सन ४८८ मध्ये त्याच्या भावाच्या हुकुमाने नोरिकमचे रोमन लोक इटलीकडे निघाले. त्यांनी संताचे थडगे उघडले, देह गाड्यावर ठेवला व आल्प्स ओलांडून बरोबर नेला. पोप गेलासियस यांच्या काळात, म्हणजे सन ४९२ ते ४९६ च्या दरम्यान, तो नेपल्सजवळ लुकुल्लानम येथे विसावला. पदच्युत बादशहा रोम्युलस यास राहण्यास दिलेली जागाही तीच होती. ८ जानेवारी हाच संत सेवेरीन यांचा सण होय.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या वेळी आपण देवळाची वर्षे मोजतो, बाप्तिस्मे व लग्ने मोजतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या चरित्रावरून आम्हांस असे वाटते की, मोजण्यासारखी आणखी काही खाती आहेत. पावसाने दगा दिला त्या वर्षी कोणाच्या घरची कणगी कोणासाठी उघडली? कर्जाच्या पेचातून कोण कोणास सोडवून आणले? ज्याने एकदा गावाची सोबत सोडली, त्याच्या दारी आपण पुन्हा गेलो काय? आपल्याही कित्येक कुटुंबांस ऊसतोडीसाठी परमुलखात जावे लागते, आणि कित्येक तरुण पुण्या-मुंबईस स्थायिक झाले आहेत. त्यांची घरे येथे बंद असली, तरी ती माणसे आपल्या धर्मग्रामाची आहेत. नोरिकमची गावे गेली, बुरूज पडले, सडका गवतात बुजल्या. पण त्या लोकांनी संतास गाड्यावर घेतले आणि आपली श्रद्धा नव्या मुलुखात नेली. आपल्या जाणाऱ्या मुलांच्या शिदोरीतही ती असावी, आणि मागे राहणाऱ्यांनी त्यांची जागा मोकळी ठेवावी.

सरहद्दीवरच्या या थोर संताच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या शेतांस पाऊस, घरांस भाकर आणि अंतःकरणांस एकमेकांची काळजी देवो, अशी प्रार्थना करून आम्ही हे चरित्र संपवितो.